अंगणातला ट्रक आणि भायांचा ओटा

आमच्या अंगणात एक ट्रक उभा होता, पण तो ट्रक आहे हे मी विसरूनच गेले होते. माझ्या लेखी ते खुराडं होतं. केबिनमधल्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, मागच्या बॉडीत मी कडबा आणि गोवऱ्या रचायची, फाळक्यावर गोधड्या वाळायच्या आणि दर वर्षी पुढच्या लांब नाकावर दोडक्याचा वेल चढायचा. नाकाची गाडी म्हणतात तिला, पुढं इंजिनाचं तोंड बाहेर आलेली, जुन्या काळातली. कुणी पाहुणा म्हणाला, "बाई, दारात ट्रक आहे तुमच्या", तर मी म्हणायची, "ट्रक कुठला, कोठा आहे आमचा. दोडके न्यायचे का थोडे?"

आमचं गाव औंढ्याहून जवळा बाजारला जाताना लागतं. सडकेच्या अलीकडं आमची वस्ती, वस्तीत विहार, आणि विहाराच्या भिंतीला लागून एक बोळ. त्या बोळाच्या शेवटाला आमचं घर. बोळाच्या एका अंगाला विहाराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला भायांचं घर. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडं धाकट्याच्या बायकोनं भायांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं तर नाहीच नाही. काही सांगायचंच असलं तर जावेला सांगायचं, नाहीतर भिंतीकडं बघून म्हणायचं, "चहा झालाय म्हणावं." मी अंगणवाडी चालवते, ग्रामसभेत सरपंचाला भर सभेत खडसावलं, पण लग्न होऊन आल्यापासून भायांशी मी एक शब्द बोलले नव्हते. त्याचं मला काही वाटतही नव्हतं. रीतच तशी होती.

ट्रक मूळचा दोघा भावांचा. भाया आधी गाडी शिकले, त्यांच्या हाताखाली आमचे मालक शिकले, आणि मग दोघांनी मिळून ही गाडी घेतली. जवळा बाजारचा कापूस, सोयाबीन, कुणाच्या घराची वाळू-विटा, मिळेल ते भाडं मारायचे. दसऱ्याला मात्र भाडं घ्यायचे नाहीत. त्या दिवसासाठी वस्तीची मोठाली पातेली, तांदळाची पोती, डाळ, सरपण असं सगळं भरून गाडी नागपूरला जायची. दीक्षाभूमीवर लांबून लांबून आलेल्या लोकांना आमच्या वस्तीचा वरण-भात असायचा. गाडी निघाली की अख्खी वस्ती सडकेवर यायची, आणि हे दोघं भाऊ केबिनमध्ये असे ऐटीत बसायचे की विचारू नका.

मग एका उन्हाळ्यात आमच्या मालकांच्या हातून इंजिन जाम झालं. रेडिएटरचं पाणी आटलं होतं, गरमीचा काटा वर चढला होता, आणि हे "आलंच की गाव" म्हणत दामटत राहिले. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणावी लागली. भायांनी चार लोकांत विचारलं, "काटा दिसला न्हाई का तुला? मारलीस ना गाडी?" ह्यांना ते लागलं. हे म्हणाले, "मारली तर मारली. माझीबी हाय ती." एवढंच झालं बघा. एवढ्यावरून दोघांनी अबोला धरला, मधे भिंत घातली, आणि गाडी आमच्या अंगणात पडली ती पडलीच. आमचे मालक दुसऱ्यांच्या ट्रकवर डायव्हर म्हणून जाऊ लागले. भायांनी गाडीचा नाद सोडून शेती धरली, आणि पुढच्या उन्हाळ्यात घरासमोर ऐसपैस ओटा बांधला, वर शहाबादी फरशी टाकून. ओटा बोळात पुढं आला होता, पण वस्तीत कुणाचा येत नाही? दुपारी भाया शेतात गेले की मी आणि जाऊबाई त्याच ओट्यावर लसूण सोलत बसायचो. भांडण पुरुषांचं होतं. आम्हा दोघींचं काही वाकडं नव्हतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मागच्या साली आमच्या मालकांना त्यांच्या शेठनं सांगितलं, आता गुडघे गेले तुमचे, घरी आराम करा. हे घरी आले आणि बाजेवर आडवे झाले. मला आधी बरं वाटलं. म्हटलं, जन्मभर हायवेला राहिलेला माणूस, झोपू दे चार दिवस. पण चाराचे चाळीस झाले तरी माणूस बाज सोडेना. जेवायला हाक मारली तर "ठेव तिथं." टीव्ही लावला तर डोळे मिटायचे. हिंगोलीला दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं सगळं तपासलं आणि म्हणाला, काही नाही, सगळं बराबर आहे. मी म्हटलं, बराबर असतं तर आणलं कशाला असतं? पोरगी नांदेडला नर्स आहे, तिला फोन केला तर म्हणाली, "आई, त्यांना कशात तरी गुंतव." आता ह्या माणसाला मी कशात गुंतवू? मेंदी काढायला लावू का हातावर? माणूस डोळ्यादेखत आटत चालला होता आणि मला खरोखर भीती वाटत होती. रात्री मी त्यांचा श्वास ऐकत पडायची.

आणि एका सकाळी अंगणात कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. बाहेर येऊन पाहते तर ह्यांनी केबिनचं दार उघडून माझ्या सगळ्या कोंबड्या हाकलल्या होत्या, अंडी परातीत काढून ठेवली होती आणि दोडक्याचा फुलावर आलेला वेल बुडातून उपटून बाजूला फेकला होता.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आवं, वेड लागलं का तुमाला? वेलानं काय घोडं मारलं तुमचं?"

"गाडी चालू करून राहिलो," हे म्हणाले.

"ही गाडी?"

"ही न्हाई तर मंग कोणची हाय आपली?"

मी तोंडाचा पट्टा सोडला. पंधरा मिनिटं तरी बोलले असेन. कोंबड्या कुठं ठेवू, कडबा कुठं रचू, आणि उतारवयात हे काय खूळ. ते ऐकत होते आणि नाकाचं झाकण उघडून आत वाकून बघत होते. आत उंदरांनी घर केलं होतं, गांधीलमाश्यांचं पोळं होतं. दुपारी हे हात धुऊन जेवायला बसले आणि तीन भाकरी खाल्ल्या. मी चौथी ताटात टाकली आणि तोंड बंद केलं. म्हटलं, कोंबड्या गेल्या खड्ड्यात.

त्या दिवसापासून आमच्या अंगणाचं गॅरेज झालं. औंढ्याहून एक इंजिन मिस्त्री यायचा, ह्यांचा जुना ओळखीचा. लोखंडी पाइपांची तिपाई उभी केली, तिला साखळीची कप्पी लावली आणि इंजिनाचं ते धूड गाडीतून उपसून बाहेर काढलं. मला वाटलं, घराचा पाया हलतोय. मग सगळं खोलून मांडलं. पिस्टन, लायनर, रिंगा, क्रँक. आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. क्रँक घासायला नांदेडला नेला, डिझेलचा पंपही तिकडंच दुरुस्त केला. जुन्या गाडीचं सामान सहजी मिळत नाही. हे भंगारात हिंडून हिंडून एकेक वस्तू आणायचे आणि लेकराला नवा सदरा दाखवावा तशी मला दाखवायचे. मला त्यातलं काय कळतंय? मी "छान आहे" म्हणायची.

एकदा भाकरीचं पीठ मळायला परात शोधायला लागले तर ती अंगणात, आणि तिच्यात डिझेल, आणि डिझेलमध्ये नट-बोल्ट पोहून राहिलेले. माझ्या आईनं दिलेली पितळी परात. त्या दिवशी मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मिस्त्री बिचारा पाना टाकून बाहेर जाऊन उभा राहिला. हे मात्र हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. म्हणाले, "आगं, भाकरीला डिझेलचा वास आला तर भाकरी पळंल का?" मी त्यांच्या अंगावर चिंधी फेकली आणि आत जाऊन रडले. रागानं नाही. माणूस परत आला म्हणून.

हळूहळू मीही त्यात पडले. अंगणवाडी सुटल्यावर काचकागद घेऊन पत्र्याचा गंज घासायची. गंज घासताना डोकं शांत होतं, हे मला नवीनच कळलं. खालचा थर निघाला की जुना निळा रंग दिसायचा. हे गाडीखाली झोपून ग्रीस भरायचे आणि खालून ओरडायचे, "बावीसचा पाना दे." मी दुसराच द्यायची. "एवढं शिकून बावीसचा आकडा वाचता येईना का?" मग मी म्हणायची, "काळ्याकुट्ट ग्रीसमध्ये आकडा दाखवा आधी." असं आमचं चालायचं. मला वाटतं, लग्न झाल्यापासून आम्ही इतका वेळ एकमेकांजवळ कधी नव्हतो. डायव्हरच्या बायकोला नवरा म्हणजे पाहुणाच असतो.

पावसाळा सरत आला तशी विहारात दसऱ्याची बैठक झाली. नागपूरला पातेली न्यायला दर वर्षीसारखा भाड्याचा टेम्पो सांगायचा का, अशी बोलणी चालली होती. आमचे मालक शेवटच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "टेम्पो नका सांगू. अवंदा भांडी आपल्याच गाडीत जातील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भायाही बैठकीत होते, पुढच्या रांगेत. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मी बायकांच्या घोळक्यात बसले होते, माझी मान उगाच ताठ झाली. घरी येताना मी ह्यांना म्हटलं, "बोललात खरं, आता निभावा." हे म्हणाले, "निभावलंच समज."

इंजिन चालू झालं त्या सकाळी मिस्त्रीनं सेल्फ मारला तर आधी नुसतीच घरघर झाली, मग काळ्या धुराचा लोट माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर गेला, आणि मग ते इंजिन असं काही बोलायला लागलं की छातीत धडधडलं. वस्तीतली माणसं धावत आली. जाऊबाई भिंतीपलीकडून टाचा उंचावून बघत होत्या. हे बॉनेटवर हात ठेवून उभे होते आणि डोळे पुसत होते. मीही पुसले, मला काय लाज?

मिस्त्री म्हणाला, "सब बराबर है भाई. अब बाहर निकालो, रोड पे ट्रायल लेंगे. फिर हिंगोली में पासिंग." आणि तो वाट बघायला म्हणून बोळात गेला. तिथं तो थांबला. विहाराच्या भिंतीला पाठ लावून त्यानं हात पसरले, भायांच्या ओट्यापर्यंत माप घेतलं, परत आला, गाडीच्या नाकासमोर हात पसरले. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "भाई, ये निकलेगी किधर से?"

मी बोळाकडं पाहिलं. ज्या ओट्यावर मी इतकी वर्षं लसूण सोलला, तो ओटा गाडीच्या वाटेत आहे हे मी विसरूनच गेले होते. एका बाजूला विहाराची भिंत, ती तर कुणी पाडणार नाही. दुसऱ्या बाजूला ओटा. दुसरी वाटच नाही. लोकांकडं पाहिलं तर सगळे खाली बघून राहिलेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. भावाभावांचा मामला, मधे कोण तोंड घालणार, म्हणून इतके महिने येता-जाता "कुठवर आलं काम?" विचारणारा एक माणूस हे बोलला नव्हता. आमच्या वस्तीत लोक कुणाच्याही सुनेला मूल का होत नाही हे विचारतील, पण भाऊबंदकीत बोट घालणार नाहीत.

ह्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, हात धुतले, आणि बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. भाकरी परत तशीच राहू लागली. दसरा तोंडावर आला होता आणि वस्तीतले लोक दबकत विचारत होते, टेम्पो सांगून ठेवायचा का. मला गाडीचं काही नव्हतं. गाडी सडली असती तर मी परत कोंबड्या ठेवल्या असत्या. पण ह्या खेपेला माणूस बाजेवर पडला तर तो उठायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, "सगळं इंजिन खोलून परत जोडलं, बोळ मोजायचं सुचलं न्हाई का?"

ह्यांनी गोधडी डोक्यावर ओढली.

"जा ना मग. भायांना म्हणा, दादा, दोन हात ओटा मागं घे. वाघ हाय का तो?"

"सडू दे गाडी. त्याच्या दारात मागायला जाणार न्हाई."

"लोकांना काय सांगू?"

"सांग मेला म्हणून."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. मी जावेकडं गेले. त्या आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "पाण्यात काठी मारली तर पाणी दुभंगत न्हाई म्हणतात. ह्या दोघांचं कोणचं पाणी हाय गं बाई? तुझे भायाबी चार दिस झाले, धड जेवले न्हाईत. विचारलं तर अंगावर येतात."

मी विचारलं, "तुमी बोलून बघता का त्यांच्याशी?"

"बोलून बघितलं. म्हणतात, त्याला तोंड न्हाई का?"

ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक म्हणतो दारात जाणार नाही, दुसरा म्हणतो त्याला तोंड नाही का, आणि मधे माझं घर बसत चाललंय. मी घरी गेले नाही. तरातरा ओट्यावर आले. भाया शेतातून येऊन ओट्याच्या टोकाला बसून तंबाखू मळत होते. मला पाहून त्यांनी रीतीप्रमाणं तोंड फिरवलं आणि आत बघून हाक दिली, "आगं, कोण आलंय बघ."

मी पदर नीट केला आणि म्हणाले, "भाया, मला तुमच्याशीच बोलायचंय."

जाऊबाई धावत बाहेर आल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. भायांचा हात तळव्यावर तसाच थांबला. मला वाटलं, आता ते उठून जातील. गेले असते तर मीही मागोमाग गेले असते, एवढा राग होता.

"आमचे मालक परत बाजेवर पडलेत," मी म्हणाले. "जेवून न्हाई राहिले. तुमचा ओटा मधी हाय म्हणून गाडी निघंना. ओटा दोन हात मागं घ्या. घ्यायचा नसंल तर नका घेऊ, पण गाडी अडवली असं समजू नका. माणूस अडवलाय तुमी."

भाया माझ्याकडं न बघता, बोळाकडं बघत म्हणाले, "त्यानं मोजलं व्हतं."

"काय मोजलं होतं?"

"बोळ. काम धरायच्या आधी. टेप घेऊन आला, ओट्यापासून भिंतीपातुर मोजलं, दोनदा. म्या खिडकीतून पाह्यलं. म्हनलं, आता येईल बोलायला. आला न्हाई. जाऊन गाडी खोलत बसला."

मी तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. म्हणजे ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाडी निघणार नाही हे माहीत असून माणूस इतके महिने गंज घासत होता, भंगारात हिंडत होता. भर बैठकीत उठून बोलला तोही भावाच्या पाठीकडं बघून बोलला. इंजिनाचा आवाज भिंतीपलीकडं जाईल आणि भाऊ उठून येईल, एवढ्याच आशेवर.

"मग तुमी काहून न्हाई गेलात?"

"मी थोरला."

"थोरला गेला तर बारका होतो का?"

जाऊबाईंनी माझा हात दाबला, पण आता मी थांबणार नव्हते. "आन ओटा? तो काहून बांधला वाटंत? राग काढायला?"

"राग व्हताच," भाया म्हणाले. "पर ओटा रागानं न्हाई बांधला. त्या साली भंगारवाला आला व्हता तुमच्याकडं. गाडी तोडून न्यायचं बोलून राहिला व्हता. तो माझा भाऊ, रागाच्या भरात देऊन मोकळा झाला असता. म्हनलं, वाटच बंद करावी."

मला आठवलं. आला होता भंगारवाला. ओटा झाल्यावर त्याचा टेम्पो बोळात शिरेना म्हणून परत गेला होता, आणि आम्ही नवरा-बायकोनं भायांच्या नावानं बोटं मोडली होती.

"हे त्यांना सांगायचं सोडून ओटा बांधलात?"

"सांगता आलं असतं," भाया म्हणाले, "तर ओटा कशाला बांधला असता?" आणि ते उठून आत गेले.

मी घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं ह्यांच्या पाठीला सांगितलं. हे म्हणाले, "खोटं बोलून राहिलीस."

"मग जाऊन विचारा."

गेले नाहीत. पण कूसही बदलली नाही आणि झोपलेही नाहीत, ते मला कळत होतं.

सकाळी मी चुलीपुढं असताना धप्प असा आवाज आला. मग परत. आवाज बोळातून येत होता. हे बाजेवर उठून बसले. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. हे चप्पल न घालताच बाहेर गेले आणि मी पिठाच्या हातानं मागं.

भाया एकटेच होते. डोक्याला टापशी बांधलेली, हातात पहार. ओट्याच्या कडेचे दगड त्यांनी सैल केले होते आणि आता वरची शहाबादी फरशी काढायला बघत होते. फरशी लांब, एकट्याला उचलणारी नव्हती. त्यांनी एक टोक वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. खाली ठेवेनात, हाक मारेनात. दात-ओठ आवळून नुसते धरून उभे. हे पुढं झाले, दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून फरशी भिंतीला टेकवली. मग दुसरी फरशी. मग दगड.

मी आणि जाऊबाई घमेली घेऊन आलो. सिमेंटची सडक थरावर थर चढून इतकी उंच झाली होती की बोळाच्या तोंडाशी चांगलीच पायरी तयार झाली होती. ओट्याचा भराव आम्ही तिथं टाकत गेलो, म्हणजे चाकांना चढ झाला. दुपारपर्यंत बोळ मोकळा झाला. जाऊबाईंना त्यांच्या ओट्याचं वाईट वाटत असेल म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं, तर त्या हसत होत्या. म्हणाल्या, "लसूण सोलायला आता तुझ्या घरी येत जाईन. चहा पाजशील ना?"

हे केबिनमध्ये चढले. इंजिन चालू झालं. भाया गाडीच्या पुढं, तोंड गाडीकडं करून, एकेक पाऊल मागं सरकत होते आणि हातानं खुणा करत होते, इकडं, जरा इकडं, बास. एका बाजूला विहाराची भिंत, दुसऱ्या बाजूला उरलेला ओटा, आणि मधून ते निळं धूड वीतभर वीतभर पुढं येत होतं. पुढची चाकं भरावावर चढली, गाडी एका अंगाला कलली, सावरली, आणि सडकेवर आली. लोकांनी आरोळी ठोकली.

पण गाडी तिथंच थांबली. इंजिन चालू, आणि गाडी हलेना. मी पळत जाऊन पायरीवर चढले. हे स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि घामाघूम झाले होते.

"काय झालं?"

"पाय थरथरून राहिलाय," हे हळूच म्हणाले. "क्लच धरवत न्हाई मला. लोक बघून राहिलेत. काय करू?"

सगळी वस्ती सडकेवर उभी होती. कुणाला तरी सांगायचं की ह्यांना उतरवून घ्या, आणि तसं सांगितलं तर हा माणूस पुन्हा कधी गाडीकडं बघणार नाही. मी मागं वळले तर भाया शेजारी येऊन उभे होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी खाली उतरले. ते पायरीवर चढले, दार उघडलं, भावाच्या पायाकडं एकदा पाहिलं.

"सरक," ते म्हणाले.

इतक्या वर्षांनी भावाला बोललेला पहिला शब्द तो. हे सरकले. नुसते सरकले, शेजारच्या सीटवर, आणि भायांनी दार ओढून घेतलं. गिअर पडला. गाडीनं एक हिसका दिला आणि औंढ्याच्या दिशेनं चालू लागली. केबिनच्या मागच्या जाळीतून दोन डोकी दिसत होती. गाडी वळणाला गेली तेव्हा त्यातलं एक डोकं दुसऱ्याकडं वळलं होतं आणि काहीतरी बोलत होतं. कोणाचं डोकं कोणतं ते मला ओळखू आलं नाही.

धूर विरला तशी माणसं पांगली. सडकेवर आम्ही दोघीच राहिलो, धुळीनं माखलेल्या, हातात रिकामी घमेली.

"कुठं जातो सांगून तरी गेले का?" जाऊबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "जेवायला येतात का न्हाई कोण जाणे. काय करू गं मी आता?"

"तुमी नका करू काही," मी म्हणाले. "चला आमच्याकडं. चौघांचं एकदमच टाकू."